जाड तारेखालची कपची

“भंगलेला शंख घरात ठिवू नगं, पुष्पे. वाहत्या पान्यात सोड. अन् समदा सोड, कपचीसुदिक मागं ठिवू नगं.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी हा आवाज माझ्या कानात स्वच्छ होता. आणि त्याच वेळी ओसरीवरून ह्यांची हाक येत होती, “अगं, दे की ती कपची. कवाधरनं बसलोय.”

मी देवाच्या कोनाड्यापुढे उभी होते. तांबड्या फडक्यात शंख आणि त्याच्याजवळ त्याच्या ओठाची उडालेली कपची. बोटाच्या पेराहून थोडी मोठी, आतून गुलाबी, मोडल्या कडेला खडूसारखी पांढरी. बाहेर हे गिटार मांडीवर घेऊन बसलेले. समोर मोझेसभाऊ, खांबाला टेकून कानिफनाथ. तिघांचेही डोळे माझ्या उंबऱ्याकडे. इतक्या आशेनं माझ्या हाताकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं, आणि माझे हात तर पुढे जात नव्हते.

हे म्हणजे गोरक्ष दरेकर, श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मिलचे फिटर. ऊस चिरडणाऱ्या रोलरांच्या शेजारी ह्यांची उमर गेली. तिथं दोन माणसांना बोलायचं तर एकमेकांच्या कानात ओरडावं लागतं. यंत्राचं दुखणं मात्र हे बरोबर ओळखत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि लाकडी मूठ दातात धरायची. बाकीचे फिटर मूठ कानामागच्या हाडाला लावत, पण ह्यांना दातांशिवाय पटत नसे. आतली गोळी झिजली असेल तर डोक्यात करकर येते म्हणायचे. त्या मुठीवर दातांचे खळगे पडले होते.

रोज दिवेलागणीला हे शंख फुंकत. तो कानावर पडला की हात जोडायचे आणि मगच रात्रीच्या भाकरीला हात लावायचा, हा माझा नेम. सासूबाईंनीच लावून दिलेला. हे दुसऱ्या पाळीला असले की मी दुपारीच दोन घास जास्त खाऊन घ्यायचे. देवालाही कारखान्याच्या पाळ्या ठाऊक असाव्यात, कारण कधी काही बिघडलं नाही.

त्या दुष्काळाच्या वर्षी, उन्हाळ्यात एका संध्याकाळी ह्यांनी शंख फुंकला. चांगला लांब फुंकला. मी हात जोडले, तर हे शंख खाली घेऊन आत डोकावताहेत. म्हणाले, “वाजंना. कुंभारनीनं आत घर केलं का काय?” कुंभारीण माशी मातीचं घर करते तसं. मी तोंड उघडायच्या आतच, चोंदलेली नळी झटकावी तसा ह्यांनी शंख उंबऱ्याच्या दगडावर आपटला. ओठाची कपची उडून माझ्या पायापाशी आली.

शंख वाजला होता. साऱ्या चाळीनं ऐकला होता. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

मोझेसभाऊंची बायको रेबेका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. तिनं ह्यांना नगरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. आतली शीर झिजली आहे, गेलेलं परत यायचं नाही, समोर उभं राहून मोठ्यानं बोलत जा, एवढंच तिकडून कळलं. माझा आवाज मुळात बारीक. नवऱ्याला मीठ हवं का विचारायला अख्खी चाळ जागी करायची, हे मला जमेना. मी हातानं बोलू लागले. खांद्यावर थाप म्हणजे जेवायला चला. पाठीवर तळहात म्हणजे मागं कुणीतरी आलंय.

शंख फडक्यात बांधून ठेवला. सोडणार कुठे? घोड नदीत वाळू, पाटात भेगा, प्यायला टँकर. कानिफनाथ गव्हाणीवर, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला, ढोलकी वाजवणारा, जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, “वहिनी, टँकरच्या नळाखाली धरा. तेबी वाहतंच हाय.” मी हसले, पण मनात एकच. शंख वाजत नाही आणि सोडताही येत नाही, तेव्हा पाणी वाहून तो सुटेपर्यंत रात्रीचं जेवण बंद.

अशात गिटार आली.

कामगारांच्या कला मंडळानं पुण्याच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून ती आणली. कलकत्त्याला बनलेली, विजेवर वाजणारी, तांबडी. उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू होतो त्या दिवशी संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम असतो. यंदा उसाची बोंब, हंगाम दोन महिने चालेल की नाही शंका, पण मंडळाचा उत्साह काही कमी नव्हता. वाजवणारे मोझेस साळवे, आमचे टाइमकीपर. नगरच्या चर्चमध्ये लहानपणी शिकलेले. त्यांनी तारा छेडल्या आणि आवाज मोठा करणाऱ्या तिच्या लाकडी पेटीतून असा आवाज निघाला की कानिफनाथ म्हणाला, “ह्यो डब्यात भुंगा सोडलाय.”

मोझेसभाऊंनी ओसरीवर बसून सांगितलं की गिटारीच्या शेपटाकडे तार ज्या चिमुकल्या तुकड्यावर टेकते त्याला सॅडल म्हणतात. तारेची थरथर तिथून लाकडात उतरते. ह्या गिटारीचे निम्मे तुकडे गंजलेले, निम्मे गळालेले. नवे मिळायचे तर मुंबई.

“म्हंजी घोडीवरचं खोगीर,” कानिफनाथ म्हणाला, आणि ते नाव आमच्या ओसरीवर कायमचं झालं.

हे समोर बसून मोझेसभाऊंचे ओठ वाचत होते. म्हणाले, “मुंबई कशाला? म्या करतो.” आणि जुन्या वाफेच्या कॉकचं पितळ कापून दुसऱ्या दिवशी पहिलं खोगीर घेऊन आले. सुपारीच्या खांडाएवढं, वर तारेसाठी बारीक खाच.

ते बसवताना झालं ते असं. ह्यांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातात आणि टोक खोगिराच्या स्क्रूवर. मोझेसभाऊंनी सहज जाड तार छेडली. हे जागच्या जागी थिजले. मला वाटलं विजेचा झटका बसला, मी धावत बाहेर आले. तर ह्यांचे डोळे विस्फारलेले, आणि दातात मूठ तशीच धरून हे हातानं खुणावताहेत, परत वाजव, परत वाजव.

मोझेसभाऊंनी परत वाजवली. ह्यांनी मूठ काढली आणि म्हणाले, “म्या ऐकलं.”

मग कुणाला काय सुधरतंय. मोझेसभाऊ वाजवताहेत, हे मुठीला चावताहेत, हसताहेत, लाळ मुठीवरून ओघळतेय. दहा-पाच माणसं जमली. जो तो मूठ चावून बघायला मागू लागला. मी पुन्हा आत गेले होते, तर हे स्वयंपाकघरात आले आणि माझं मनगट धरून मला बाहेर नेऊ लागले. मी मूठ धुऊन घेतली आणि म्हटलं, आज सोमवार आहे, माझा उपास. ह्यांना ऐकू आलं नाही, कानिफनाथानं ऐकलं.

“चावा वहिनी. स्क्रू ड्रायव्हर फराळातच येतो.”

मी पदर सावरून मूठ दातात धरली. मोझेसभाऊंनी तार छेडली आणि तो सूर माझ्या कानात नाही, दाढांमध्ये उगवला. तिथून टाळूत, टाळूतून कपाळात. गाभाऱ्यात घंटेखाली उभं राहिल्यावर डोक्यावरून पाणी ओतल्यासारखं होतं ना, तसं, पण आतून. मी मूठ काढली तर हे माझ्या तोंडाकडे बघत होते, लहान मुलानं चित्र दाखवून उभं राहावं तसे.

त्या दिवसापासून ह्यांना झोप लागेना. पितळानं असा आवाज, तर पोलादानं कसा? लाकडानं? भंगारातून, मोल्डिंगमधून, सुताराच्या खोक्यातून तुकडे येऊ लागले. कारखाना दुरुस्तीला उभा होता, पाळी संपली की हे कानस घेऊन ओसरीवर. आणि पारखायची रीत ह्यांचीच. तार तीच, जाड. ताण तोच. बोट मोझेसभाऊंचंच, आणि जागा तीच. बदलायचं ते फक्त खोगीर. फिटर माणूस दोन गोष्टी एकदम बदलत नाही, म्हणायचे, नाहीतर दोष कशाचा ते कधीच कळत नाही.

आम्ही कानवाले पेटीसमोर बसायचो आणि हे दातानं. काय बसवलंय ते आम्हाला सांगायचं नाही. पोलाद आलं तेव्हा आवाज खडा, टोकदार, कानाला टोचला. ॲल्युमिनियमला मी म्हटलं, हे तर जर्मनचं पातेलं पडलं, आणि खरंच तेच निघालं. फायबर सूर गिळून टाकायचं. शिसवीचा तुकडा गोड होता, पण सूर उदबत्तीसारखा चटकन विझायचा. पितळ सगळ्यांना आवडलं. स्वच्छ वाजतं आणि शेवटपर्यंत रेंगाळतं, देवघरातल्या घंटेसारखं. शिवाय धातूचं खोगीर असलं की तारेला अर्थिंग मिळतं. लाकूड, फायबर बसवलं की पेटी घूं करत राहायची. त्यावर ह्यांनी तांब्याची केसासारखी तार खोगिराच्या मागून बांधून तोड काढली.

मग मोझेसभाऊ हाडाचं म्हणाले. चांगल्या गिटारींना हाडही लावतात. हाड आमच्या ओसरीवर नको, असं मी हळूच सांगितलं. कानिफनाथानं ढोलकी पुढे सरकवली. “वहिनी, हिला काय भेंडीचं साल लावलंय?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी माझं मन घेईना, म्हणून ती परीक्षा रेबेकाच्या ओट्यावर झाली. मी आमच्या दारात उभी राहून ऐकली. आवाज मऊ होता, भरलेला. हे मूठ काढून खोगिरावरून बोट फिरवत राहिले. रात्री मला म्हणाले, “पितळ ब्येस हाय. पन ते भायेरनं वाजतं. हाड आतनं वाजतं. आनखी थोडं आत जायला पायजेल.” मग कोनाड्याकडे बघत राहिले. मला ते बघणं कळलं, आणि मी दिवा सारखा करायला उठले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवरून ती हाक आली.

मी उभी होते. समदा सोड, सासूबाई म्हणाल्या होत्या, कपचीसुद्धा मागे ठेवू नको, आणि मी त्यांना हो म्हटलं होतं. पण सोडायला पाणी नव्हतं. पाणी येईपर्यंत तो शंख माझ्या हवाली होता, आणि बाहेर बसलेला माणूस त्यांचाच मुलगा होता. त्याला शंख फुंकायला त्यांनीच शिकवलं होतं. मी कपची उचलली, कपाळाला लावली, आणि बाहेर येऊन ह्यांच्या तळहातावर ठेवली.

“ही पान्याबरोबर जायची हाय,” मी म्हटलं. “पाट सुटला की परत द्यायची. समदी.”

ह्यांना नीट ऐकू गेलं नाही. मोझेसभाऊंनी ते शब्द ह्यांच्या तोंडासमोर जाऊन मोठ्यानं सांगितले, एकही न गाळता. ह्यांनी कपचीवर दुसरा हात झाकला आणि मला म्हणाले, “दिला शबुद.”

हे कानस मारत असताना मी खाली कागद धरून बसले. पांढरी भुकटी पडत होती, ती मी पुडीत बांधून शंखाशेजारी ठेवली.

खोगीर बसलं. हे मुठीला दात लावून डोळे मिटून बसले. मोझेसभाऊंनी जाड तार छेडली आणि हात काढून घेतला. सूर किती वेळ राहिला मला सांगता येणार नाही, कारण मी ऐकत नव्हते, बघत होते. ह्यांचा उजवा हात गुडघ्यावरून आपोआप उचलला गेला, बोटं वळली, आणि शंख धरावा तसा तो तोंडाजवळ येऊन थांबला.

मूठ काढून म्हणाले, “आईचा शंख हाय ह्यो. वाजतोय.”

मोझेसभाऊ खरं बोलणारे. मला बाजूला म्हणाले, “वहिनी, माझ्या कानाला हाडात आणि ह्यात फार फरक नाही. पितळाहून सरस आहे असंही मी म्हणणार नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण जाड तारेला हेच राहील. बाकी पाच पितळेची. वाजवणारा मी आहे ना?”

आणि कार्यक्रम काय झाला म्हणून सांगू. उसाची मोळी पडली, मिल फिरली, आणि संध्याकाळी कारखान्याच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दुष्काळाच्या कामावरून दमून आलेल्या बायका पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ढोलकी आणि गिटार अशी जुगलबंदी लागली की म्हातारी माणसं माना डोलवू लागली. मी पडद्याच्या फटीतून मागे पाहिलं. पेटीच्या लाकडाला हनुवटी टेकवून हे जमिनीवर बसले होते. जाड तार वाजली की ह्यांच्या भुवया वर जात. लोकांच्या टाळ्या ह्यांना ऐकू आल्या नाहीत. सगळे थांबले तरी हे तसेच, पुढच्या सुराची वाट बघत.

त्यानंतर मोझेसभाऊंनी आपणहून एक पद्धत पाडली. पाळी जमेल त्या संध्याकाळी, दिवा लागायच्या वेळी ते गिटार घेऊन यायचे. पेटी नाही, काही नाही. नुसती जाड तार एकदा छेडायची. हे मूठ दातात धरायचे, मी हात जोडायचे. शंखाचीच कपची वाजते आहे, तेव्हा शंख वाजला असंच मी धरलं, आणि त्या दिवसांत रात्री भाकरी खाऊ लागले. मोझेसभाऊ निघताना कोनाड्यातल्या दिव्याला मान लववून जायचे. रेबेका हसून म्हणायची, आमच्या घरची प्रार्थना उशिरा होते ती तुमच्यामुळे.

मार्गशीर्षात एका सकाळी चाळीत एकच गलका झाला. पाट सुटला. धरणात जे काही उरलं होतं त्यातून उभ्या उसाला एक पाणी द्यायचं ठरलं होतं. माणसं पाटाकडे पळत सुटली, कुणी घागरी घेऊन, कुणी नुसती बघायला. कोरड्या तळावरून पाण्याचं तोंड फेस आणि पाचोळा ढकलत येतंय, आणि त्याच्या पुढे पुढे पोरं नाचताहेत, असं बघून आलेल्या बायका सांगत होत्या. माझ्याही अंगावर काटा आला. आणि लगेच कपची आठवली.

हे घरीच होते. मी समोर जाऊन बसले आणि हळूहळू, ओठ दिसतील असं म्हटलं, “कपची ऱ्हाऊ द्या. बाकीचा सोडू. तुमच्या आईची समजूत मी काढीन.”

ह्यांनी माझे ओठ पुरते वाचले. मग उठून खुंटीवरची पिशवी काढली.

“तू आईला शबुद दिला. म्या तुला दिला. मदी कपची ठिवून कसं भागंल?”

आम्ही मोझेसभाऊंच्या ओट्यावर गेलो. ते आत जाऊन गिटार घेऊन आले. ह्यांनी त्याच स्क्रू ड्रायव्हरनं शंखाचं खोगीर काढलं आणि खिशातून पितळेचं काढून तिथं बसवलं. ते आधीच करून ठेवलेलं होतं, घासून लख्ख. तार चढवली. मोझेसभाऊंनी छेडली. ह्यांनी मूठ दातात धरली आणि डोळे मिटून नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं. रेबेका दाराची कडी धरून उभी होती.

“येतंय की,” हे म्हणाले. “लांबनं येतंय. पन येतंय.”

घरी येऊन ह्यांनी कपची शंखाच्या ओठाला लावून पाहिली. आता ती बसेना. कानशीनं खाल्लेल्या जागेत फट राहिली, आणि वरच्या कडेला तारेनं एक बारीक रेघ ओढली होती. मी ती भुकटीची पुडी त्या फटीशी ठेवली आणि सगळं एकत्र फडक्यात बांधलं. सायकल ओसरीखाली काढून हे निघालेच होते. एकटेच जाणार होते. पाटाचा रस्ता म्हणजे उसाच्या गाड्यांचा आणि ट्रॅक्टरांचा. मी दाराला कडी लावली, गाठोडं घेतलं आणि मागच्या कॅरिअरवर बसले.

ह्यांनी मागे वळून पाहिलं. पायडल मारलं.

चाळ मागे पडली. दोन्ही बाजूंना वाळलेलं रान, पुढे धूळ, आणि पाटाच्या बाजूनं माणसांचा आवाज मला अंधुक ऐकू येत होता. डाव्या हातानं मी मांडीवरचा शंख धरला होता. मागून उसाच्या ट्रॉलीचा हॉर्न वाजला. मी उजवा तळहात ह्यांच्या पाठीवर ठेवला, आणि ह्यांनी सायकल सावकाश रस्त्याच्या कडेला घेतली.